मंगळाच्या वाटेवर उद्यमनगर नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचे दोन लेथ आणि एक ड्रिल मशिन असलेले छोटे वर्कशॉप होते आणि माझ्या शाळेच्या बहुतेक सुट्ट्या तेथेच गेल्या. एका दुपारी मोठ्या लेथच्या गिअरबॉक्समधून तेल गळू लागले. वडिलांनी लेथ बंद करून झाकण उघडले, आतला ऑइल सील काढून बोटांनी चाचपला आणि खिडकीच्या उजेडात माझ्यापुढे धरला. काळ्या रबराच्या त्या कड्याची आतली कड एका जागी इतकी बारीक चिरली होती की उजेडाकडे धरल्याशिवाय ती चीर दिसलीच नसती. जुना सील नमुन्यासाठी हातात देऊन त्यांनी मला सायकलवरून पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात पिटाळले आणि अर्ध्या तासात नवा सील बसून लेथ पुन्हा फिरू लागला.

आज मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्रांचे विषय शिकवतो. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, तर इतक्या वर्षांनंतरही तो मंगळावर का पोहोचला नाही, असे वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. पुरेसा ताकदवान अग्निबाण नसल्यामुळे काम अडले आहे, असा बहुतेकांचा समज असतो. अग्निबाणाची अडचण खरी आहे, परंतु यंत्रे मंगळावर कधीच पोहोचली आहेत. अमेरिकेचे व्हायकिंग-१ हे यान २० जुलै १९७६ रोजी तेथे अलगद उतरले आणि काही वर्षे काम करत राहिले. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, भूक लागत नाही आणि मुख्य म्हणजे परत यायचे नसते. माणूस पाठवायचा म्हटले की या तिन्ही गोष्टी सुरू होतात, आणि त्यांच्यासाठी जी शेकडो यंत्रे अखंड चालू ठेवावी लागतात त्यांतले एखादे बिघडले तर पलीकडच्या गल्लीत दुकान नसते. मंगळमोहिमेचे अवघडपण माझ्या मते या शेवटच्या गोष्टीत सर्वांत जास्त आहे, आणि बाकीच्या अडचणी तिच्याभोवती कशा गुंतल्या आहेत ते या लेखात उलगडून सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, म्हणजे कोल्हापूरपासून मुंबई जेवढी लांब, जवळपास तेवढेच ते पृथ्वीपासून दूर आहे. तेथे कोणाची प्रकृती बिघडली तर काही तासांत त्याला खाली आणता येते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि अपोलोचे अंतराळवीर तेथे तीन-चार दिवसांत पोहोचत असत. मंगळ मात्र पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, आणि सूर्याच्या पलीकडे गेला की हे अंतर ४० कोटी किलोमीटरपर्यंत वाढते. त्यातही यान सरळ रेषेत जात नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीवरून निघून सूर्याभोवतीच फिरणाऱ्या मंगळाला गाठायचे असल्यामुळे त्याला सूर्याभोवती अर्धा वळसा घालणाऱ्या लांबलचक कमानीतून जावे लागते, आणि त्या कमानीच्या टोकाशी यान पोहोचेल त्याच वेळी मंगळही तेथे असावा लागतो.

ही वेळ जुळण्याची गोष्ट कोल्हापूरकरांना समजावून सांगायला फारशी अडचण पडू नये, कारण आपण किरणोत्सव पाहत आलो आहोत. अंबाबाईच्या देवळात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात, पण ते नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास. देऊळ जागचे हलत नाही, सूर्य रोजच मावळतो, तरीही इतर दिवशी किरण आत येत नाहीत, कारण क्षितिजावर सूर्य मावळण्याची जागा रोज थोडी सरकत असते. २१ डिसेंबरच्या सुमारास ती दक्षिणेकडच्या टोकाला जाऊन मागे फिरते. त्या दिवसाच्या साधारण ४० दिवस आधी आणि ४० दिवस नंतर ती महाद्वाराच्या रेषेत येते, म्हणून हा सोहळा वर्षातून दोनदा होतो. लहानपणी आईचा हात धरून त्या गर्दीत उभा असताना किरण चरणांपर्यंत येऊन थांबल्याची हळहळ मी अनुभवली आहे. ढग आले, धूर आला किंवा वाटेत एखादी उंच इमारत उभी राहिली की ती संधी गेली, आणि पुढच्या तारखांची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

मंगळाच्या बाबतीत ही वाट २६ महिन्यांची असते. पृथ्वी सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवसांत पुरी करते आणि मंगळ ६८७ दिवसांत, त्यामुळे दोघांची एकमेकांच्या तुलनेतली तीच स्थिती पुन्हा यायला सुमारे ७८० दिवस लागतात. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून निघाले आणि अमेरिकेचे मेव्हन हे यान त्याच महिन्याच्या १८ तारखेला निघाले. जुलै २०२० मध्ये अमेरिका, चीन आणि संयुक्त अरब अमिराती यांची याने एकाच महिन्यात सुटली, तेही याच कारणाने. कमीत कमी इंधन लागणाऱ्या मार्गाने मंगळापर्यंतचा प्रवास साडेआठ महिन्यांचा होतो. तेथे पोहोचेपर्यंत पृथ्वी आपल्या वाटेने पुढे निघून गेलेली असते, म्हणून परतीची वेळ जुळेपर्यंत मंगळावर साडेचारशे ते पाचशे दिवस थांबावे लागते, आणि पुन्हा साडेआठ महिन्यांचा प्रवास. सगळे मिळून हे गणित ९७० दिवसांच्या आसपास जाते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानात चंद्राच्या वाटेवर प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा अंतराळवीर चंद्राला वळसा घालून चार दिवसांत पृथ्वीवर परतले. मंगळाच्या वाटेवर निम्म्यात असे काही झाले तर चटकन मागे फिरण्याचा मार्गच उपलब्ध नसतो. यान ज्या कमानीवर सोडले आहे तिच्यावरून ते पुढेच जाणार.

म्हणजे चार माणसांना जवळपास १००० दिवस पुरेल एवढी शिदोरी बरोबर घ्यायची आहे, आणि येथे वजनाचा प्रश्न येतो. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ साली अग्निबाणाचे जे समीकरण प्रसिद्ध केले ते आजही तितकेच लागू आहे. त्याचा अर्थ समजायला कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेली बैलगाडी डोळ्यांपुढे आणावी. कारखाना चार कोसांवर असेल तर बैलांच्या चाऱ्याचा हिशोब कोणी करत नाही. तोच कारखाना चार महिन्यांच्या वाटेवर असेल आणि वाटेत कोठेही चारा मिळणार नसेल तर गाडीत उसापेक्षा चाराच जास्त भरावा लागेल, तो चारा ओढायला आणखी बैल जुंपावे लागतील आणि त्या बैलांसाठी आणखी चारा लागेल. अग्निबाणाचे अगदी असेच असते. मंगळयानाचे उड्डाणावेळचे वजन सुमारे १३३७ किलो होते आणि त्यातले साधारण ८५२ किलो इंधनच होते, म्हणजे १०० किलोंमागे जवळजवळ ६४ किलो. हे यानाच्या पोटातले इंधन झाले, त्याला वर नेणाऱ्या पीएसएलव्हीचे वेगळेच. चंद्रमोहिमांसाठी वापरलेला सॅटर्न-५ हा अग्निबाण जमिनीवर सुमारे २९०० टनांचा असे आणि त्यातून चंद्राकडे सुमारे ४५ टन जात. चंद्राच्या दिशेने धाडलेल्या प्रत्येक किलोमागे जमिनीवर ६० किलोंहून अधिक वजन उभे करावे लागले, असा त्याचा हिशोब निघतो.

आता शिदोरीचे वजन करून पाहू. एका माणसाचे अन्न वेष्टनासह दिवसाला साधारण पावणेदोन किलो धरले तर चार माणसांना १००० दिवसांसाठी ७ टन अन्न लागते. प्राणवायू माणशी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम, म्हणजे एकूण ३ टनांहून अधिक. पाणी अगदी काटकसरीने माणशी दिवसाला ३ लिटर धरले तरी १२ टन. नुसत्या खाण्यापिण्याचे आणि श्वासाचे हे २२ टन झाले, आणि वरच्या हिशोबाने त्यांच्यापायी जमिनीवर चौदाशे टनांच्या आसपास वजन वाढले. म्हणून पाणी आणि हवा पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरण्याखेरीज गत्यंतर नाही. अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात २०२३ साली यश आले, आणि ही मला फार मोठी गोष्ट वाटते. कारण ९८ टक्के पाणी परत मिळाले तर १२,००० लिटरच्या जागी केवळ २४० लिटरची तूट भरून काढावी लागते.

पण हे वजन ज्या यंत्रांच्या भरवशावर वाचवले त्या यंत्रांवर आता माणसांचा जीव अवलंबून राहतो, आणि माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमधला तो सील मला येथे आठवतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत पंप असतात, गाळण्या असतात, व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येक सांध्याला रबराचे कडे असते. अंतराळ स्थानकावर असे भाग बिघडत राहतात आणि मालवाहू यानांतून नवे येत राहतात. ३१ जुलै २०१० रोजी स्थानकाच्या शीतकरण यंत्रणेतला अमोनियाचा एक पंप बंद पडला आणि निम्मी शीतकरण यंत्रणा थांबली. सुदैवाने तसलाच साडेतीनशे किलो वजनाचा पंप स्थानकाच्या बाहेर राखीव ठेवलेला होता. अंतराळवीरांनी ऑगस्टमध्ये तीन वेळा बाहेर पडून, प्रत्येक वेळी काही तास खपून, तो बदलला. मंगळाच्या यानात असा राखीव पंप न्यायचा की नाही, हा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा लागेल. प्रत्येक यंत्राचा एकेक जोड घ्यायचा म्हटले तर यान उडणार नाही, आणि न घ्यावा तर ज्याचा जोड घेतला नाही तोच भाग बिघडणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

यावर एक उपाय म्हणजे सुटे भाग तेथेच तयार करणे. डिसेंबर २०१४ मध्ये एका रॅचेट पान्याचे रेखाचित्र पृथ्वीवरून स्थानकावर पाठवण्यात आले आणि तेथल्या थ्री-डी प्रिंटरवर तो प्लॅस्टिकमध्ये तयार झाला. हे काम वाढत जाईल यात मला शंका नाही. मात्र पाना करणे आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दांड्याचे बेअरिंग करणे यांतला फरक उद्यमनगरातला कोणताही टर्नर सांगेल. बेअरिंगला विशिष्ट पोलाद लागते, उष्णतेची प्रक्रिया लागते, घासून मिळवलेली मापाची अचूकता लागते, आणि या प्रत्येकासाठी वेगळे यंत्र लागते. आपल्याकडे एका गल्लीत ओतकाम, दुसरीत टर्निंग, तिसरीत ग्राइंडिंग आणि चौथीत रबराचे सील अशी जी अख्खी वसाहत उभी आहे, तिचे काम यानातल्या एका कपाटाएवढ्या जागेत कसे बसवावे, हे कोडे आजही सुटलेले नाही. सील दिसायला क्षुल्लक असतो, म्हणून त्याचे महत्त्व कमी मानू नये. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, ते थंडीने ताठरलेल्या रबराच्या ओ-रिंगने सांधा नीट न मिटल्यामुळे.

बिघाडाच्या वेळी पृथ्वीवरच्या तज्ज्ञांना विचारणेही सोपे नसते. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी मंगळापर्यंत पोहोचायला त्याला अंतराप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. यानात आग लागली किंवा हवा गळू लागली तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाऊण तासाने मिळून उपयोग नाही. मंगळ सूर्यामागे जातो तेव्हा तर साधारण दोन आठवडे आदेश पाठवणे थांबवावे लागते. म्हणून डॉक्टर, फिटर, इलेक्ट्रिशियन ही सगळी कामे त्या चार-सहा माणसांत वाटून घ्यावी लागणार. इतका काळ बंदिस्त राहताना मनावर काय परिणाम होतो याच्या चाचण्या पृथ्वीवर झाल्या आहेत. मॉस्कोत सहा जण जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस, आणि ह्यूस्टनमध्ये चार जण जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस बंद निवासात राहिले. मात्र दार उघडले की बाहेर हवा आहे, हे त्या सर्वांना ठाऊक होते.

किरणोत्सर्गाचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण येथे बिघाड कशातच झालेला नसतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि दाट वातावरण आपल्याला दूरवरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून वाचवतात. यान या आडोशाबाहेर गेले की हे वेगवान कण भिंतीतून आणि शरीरातून आरपार जात राहतात. क्युरिऑसिटी ही बग्गी मंगळाकडे जात असताना तिच्यावरील उपकरणाने मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) होती, आणि मंगळाच्या पृष्ठभागावर ती दिवसाला साधारण ०.६५ मिलिसीव्हर्ट भरली. पृथ्वीवर निसर्गातून आपल्याला मिळणारी मात्रा जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट आहे, यावरून तुलना करावी. जास्त इंधन खर्चून प्रत्येक बाजूचा प्रवास सहा महिन्यांत उरकला, तरी प्रवासाचे सुमारे ६६० आणि मुक्कामाचे सव्वातीनशे, असे सगळे मिळून १००० मिलिसीव्हर्टच्या जवळ जाते. नासाने आपल्या अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० ठरवली आहे. या मात्रेमुळे माणूस तेथल्या तेथे आजारी पडत नाही, पण पुढील आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

भिंत जाड करून हे टळेल असे वाटते, पण वैश्विक किरणांतला जड कण ॲल्युमिनियमच्या अणूवर आदळला की त्यातून आणखी कणांचा फवारा उडतो, त्यामुळे थोडी जाडी वाढवून पुरेसा लाभ होत नाही. हायड्रोजन जास्त असलेले पदार्थ, जसे पाणी किंवा पॉलिथिन, या कामी अधिक चांगले. सूर्यावरच्या वादळांतून येणारे कण तुलनेने सौम्य असतात आणि त्यांच्यापासून वाचण्यासाठी यानाच्या मध्यभागी पाण्याच्या टाक्या आणि अन्नाचे डबे रचून एक लहान खोली करता येते, हा उपाय मला विशेष भावतो, कारण त्यात शिदोरीच भिंतीचे काम करते. ऑगस्ट १९७२ मध्ये असेच एक प्रचंड वादळ झाले. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघायचे होते, म्हणून त्या वेळी वाटेत कोणी नव्हते.

शरीराची दुसरी झीज वजनरहित अवस्थेमुळे होते. तालमीत रोज जोर-बैठका काढणाऱ्या मल्लाने चार महिने तालीम सोडली तर त्याचे अंग कसे उतरते ते आपण पाहतो. वजनरहित अवस्थेत बैठक मारूनही पायांवर भार येत नाही, कारण पेलायला वजनच नसते. कंबरेच्या हाडांतली घनता महिन्याला साधारण १ ते दीड टक्क्याने कमी होत जाते, आणि ती टिकवण्यासाठी अंतराळवीर रोज दोन तास पट्ट्यांनी स्वतःला यंत्राला बांधून व्यायाम करतात. रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे अनेकांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला सूज येते आणि नजरेत फरक पडतो. व्हॅलेरी पोल्याकोव्ह या रशियन डॉक्टरांनी १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस काढले, तेव्हा हे सोसण्यापलीकडचे नाही हे खरे. परंतु स्थानकावरून परतणाऱ्याला यानातून बाहेर काढून खुर्चीत बसवायला जमिनीवर माणसे थांबलेली असतात. मंगळावर सहा-आठ महिन्यांनी पाय टेकवणाऱ्याला स्वतःच उठून कामाला लागावे लागणार. तेथले गुरुत्वाकर्षण आपल्याकडच्या ३८ टक्के आहे, आणि तेवढ्यावर हाडांची झीज थांबते का, हे ठरवायला अनुभव नाही. चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात माणूस जास्तीत जास्त तीन दिवस राहिला आहे.

तोवर मंगळावर उतरायचे कसे हा प्रश्न आहेच, आणि तांत्रिकदृष्ट्या मला तो सर्वांत रंजक वाटतो. मंगळाचे वातावरण फार विरळ आहे, त्याचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. ते इतके दाट आहे की त्यात वेगाने शिरणारे यान तापून जळू शकते, आणि इतके विरळ आहे की पॅराशूट उघडले तरी यान पुरेसे थांबत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स ही १०२५ किलोंची बग्गी ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने त्या वातावरणात शिरली. साडेचार मीटर व्यासाच्या उष्णतारोधक ढालीने बहुतेक वेग मारला, मग २१.५ मीटर व्यासाचे पॅराशूट ध्वनीपेक्षा जास्त वेगात असताना उघडले, मग तेही सोडून देऊन अग्निबाणांनी वेग आणखी कमी केला, आणि शेवटी हे अग्निबाण बसवलेल्या, हवेत तरंगणाऱ्या सांगाड्याने बग्गीला नायलॉनच्या दोऱ्यांनी अलगद खाली सोडले. हे सगळे सात मिनिटांत घडले, आणि संदेशाला त्याहून जास्त वेळ लागत असल्याने पृथ्वीवरून कोणालाही त्यात हात घालता येत नव्हता.

ही रीत एका टनासाठी चालली, पण माणसे, त्यांचे घर आणि परतीचे यान उतरवायचे तर एका वेळी २० टन किंवा त्याहून अधिक उतरवावे लागेल, आणि येथे भूमितीच आडवी येते. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर हवा अडवणारे तिचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. यान जसजसे मोठे होईल तसतशी हवा त्याला कमी अडवेल. ढाल मोठी करावी तर ती अग्निबाणाच्या टोकात मावली पाहिजे. त्यावर एक तोडगा म्हणजे घडी करून नेता येणारी आणि नंतर फुगवून पसरता येणारी ढाल. अशा ६ मीटर व्यासाच्या ढालीची नासाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात यशस्वी चाचणी घेतली. दुसरा तोडगा म्हणजे पॅराशूट टाळून, ध्वनीपेक्षा जास्त वेगात असतानाच अग्निबाण उलटे पेटवणे, पण त्यासाठी लागणारे इंधन पुन्हा पृथ्वीवरूनच न्यावे लागते आणि बैलगाडीचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. यात चूक करायला वाव किती कमी असतो ते युरोपच्या स्कियापरेली यानाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी दाखवून दिले. पॅराशूटच्या हेलकाव्यात फिरकीचा वेग मोजणारे उपकरण साधारण एक सेकंदभर आपल्या मापनाच्या टोकाला अडकून राहिले, त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो असे गणित केले, पॅराशूट सोडून दिले, आणि कित्येक किलोमीटर उंचीवरून यान खाली कोसळले.

उतरल्यावर राहण्याच्या अडचणी पुष्कळ आहेत, त्यांतल्या मोजक्याच सांगतो. विषुववृत्ताजवळ दुपारी २० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारे तापमान त्याच रात्री उणे ७० अंशांच्या खाली उतरते, म्हणजे रबराच्या प्रत्येक कड्याला रोज ९० अंशांचा चढउतार सोसावा लागतो. मातीत परक्लोरेट नावाची क्षारद्रव्ये असल्याचे फिनिक्स यानाला २००८ साली आढळले. ती पोटात गेली तर थायरॉइड ग्रंथीला अपाय करतात, म्हणून बुटांबरोबर आत आलेली धूळही धोक्याची. सूर्यप्रकाश पृथ्वीच्या ४३ टक्केच मिळतो, आणि २०१८ साली साऱ्या ग्रहाला वेढणाऱ्या धुळीच्या वादळात सौर पट्ट्यांवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी कायमची गप्प झाली. केवळ सूर्यावर विसंबून माणसे ठेवता येणार नाहीत, त्यांच्यासाठी लहान अणुभट्टी लागेल. तसल्या एका छोट्या भट्टीची चाचणी अमेरिकेत नेवाडामध्ये त्याच वर्षी झाली आहे.

परतीच्या इंधनाकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण माणसांच्या निघण्याची तारीख त्यावर ठरते. नासाच्या अंदाजाप्रमाणे चार अंतराळवीरांना मंगळावरून वर उचलायला सुमारे ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन प्राणवायू लागतो. हा प्राणवायू पृथ्वीवरून न्यायचा तर बैलगाडीच्या हिशोबाने ते जवळपास अशक्य होऊन बसते. मंगळाच्या हवेत मात्र ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याच्या रेणूत प्राणवायू असतोच. पर्सिव्हिअरन्सवरील मॉक्सी या लहानशा यंत्राने ती हवा ओढून, दाबून, सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून विजेच्या साहाय्याने त्यातला प्राणवायू वेगळा काढला. एप्रिल २०२१ ते २०२३ या काळात त्याने १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला, आणि त्याचा सर्वाधिक वेग तासाला १२ ग्रॅम होता. दुसऱ्या ग्रहावर तेथल्याच हवेतून माणसाला श्वास घेता येईल असा वायू प्रथमच तयार झाला, ही बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

२५ टनांसाठी याच तत्त्वावरचे मोठे यंत्र आणि परतीचे रिकामे यान माणसांच्या आधीच्या संधीला, म्हणजे २६ महिने अगोदर पाठवावे लागेल. त्यातले साडेआठ महिने प्रवासात आणि थोडा वेळ यंत्र सुरू करण्यात गेला की हाती साधारण सोळा-सतरा महिने उरतात. तेवढ्यात २५ टन प्राणवायू भरायचा तर यंत्राने तासाला २ किलोंहून थोडा जास्त, म्हणजे मॉक्सीच्या सुमारे १८० पट वेगाने, रात्रंदिवस काम केले पाहिजे, आणि भरलेला प्राणवायू उणे १८३ अंशांवर द्रवरूपात सांभाळला पाहिजे. टाकी भरल्याचा आकडा पृथ्वीवर आल्याखेरीज त्या चार माणसांना येथून निघू देता येणार नाही. त्या यंत्रात मंगळाची धुळकट, विरळ हवा दाबणारा एक कॉम्प्रेसर असेल, सोळा महिने न थांबता फिरणारा, आणि त्याच्या दांड्याभोवती कोठेतरी एक सील असेल. तो चिरला आहे का, हे उजेडाकडे धरून पाहायला तोवर त्या ग्रहावर कोणी नसेल.